लँकेशायरची गिरणीगावं: लहानपणी पाहिलेलं, नंतर उमगलेलं

अबोली

इंग्लंड म्हटलं की आपल्याकडे लंडन, ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि फार तर शेक्सपिअरचं गाव, एवढ्यावर गप्पा संपतात. माझं इंग्लंड यातलं कुठलंच नाही. सत्तरच्या दशकात बाबा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि आमचं बिऱ्हाड लँकेशायरमधल्या बर्नलीत पडलं. पेनाइन डोंगरांच्या कुशीतलं, सदा भुरभुर पावसातलं, धुरानं काळ्या पडलेल्या दगडी घरांचं गाव. माझी सगळी शाळा तिथेच झाली.

त्या वयात रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टींना कुणी इतिहास म्हणत नाही. दाराची पायरी, गल्लीतली फरशी, शेजारच्या म्हातारीची बोलायची तऱ्हा. त्या म्हाताऱ्या आता राहिल्या नाहीत. गिरण्या बऱ्याचशा पाडल्या गेल्या, उरलेल्यांची गोदामं नाहीतर फ्लॅट झाले. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांचं बालपण ब्रिटनमधल्या अशा लहान गावांत गेलं, किंवा जे आज तिथे राहताहेत, त्यांनी जरूर लिहा. राजवाडे आणि किल्ले राहू द्या, त्यांच्यावर रग्गड लिहिलं गेलंय. गल्ली, दुकान, कारखाना, सुट्टी, खाणंपिणं यांबद्दल लिहा.

सुरुवात मी करते.

बर्नली विणकामाचं गाव. लँकेशायरमध्ये कामाची वाटणीच होती: दक्षिणेकडे ओल्डहॅम, बोल्टन इथे सूतकताई, उत्तरेकडे ब्लॅकबर्न, नेल्सन, बर्नली इथे विणकाम. हवा दमट, त्यामुळे सूत कमी तुटायचं. कोळसा जागच्या जागी, आणि कापूस उतरवायला लिव्हरपूलचं बंदर जवळ. लीड्स-लिव्हरपूल कालवा बर्नलीच्या मधोमध एका उंच बांधावरून जातो. त्या बांधावरून चालताना घरांची छपरं पायांखाली दिसायची. पहिल्या महायुद्धाच्या आधी या एका गावात जवळजवळ १ लाख यंत्रमाग चालत होते. आम्ही गेलो तेव्हा मोजक्याच गिरण्या उरल्या होत्या, पण त्यांच्या भिंतीजवळून गेलं की फुटपाथ तळव्यांखाली थरथरायचा.

आमच्या शेजारी एक निवृत्त विणकरीण राहायची. गल्लीतली सगळी पोरं तिला आंटी म्हणायची, म्हणून आम्हीही. खिडकीच्या काचेआड उभी राहून ती समोरच्या घरातल्या मैत्रिणीशी तासतासभर बोलायची. मधे अख्खा रस्ता, खिडक्या बंद, आवाज अजिबात नाही. फक्त ओठ हलायचे, तेही इतके ताणून आणि वळवून की प्रत्येक शब्दाचा आकार दिसावा. मधेच एखादी हाताची खूण. पलीकडची खो खो हसायची. लँकेशायरच्या विणकरणी यालाच 'मी-मॉ' म्हणत. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असताना कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून बायका ओठांनी बोलायच्या आणि ओठांवरून वाचायच्या. वय झाल्यावर कान गेलेलेच असत, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. माझ्या आईला सुरुवातीला तिथल्या लोकांचं बोलणं मुळीच झेपत नव्हतं. तिला सगळ्यात आधी समजायला लागली ती आंटी, कारण आंटी आईशीही तसंच, प्रत्येक शब्द तोंडभर उघडून बोलायची.

आंटीच्या शेकोटीवरच्या फळीवर एक धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, ठेवलेला असायचा. काळपट, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, आणि एका बाजूला चिनीमातीचं बारीक भोक. बॉबिन बदलली की सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. ते कसं, तर भोकाला तोंड लावून जोरात श्वास आत ओढायचा. दिवसातून शेकडो वेळा. एकच धोटा अनेकींच्या तोंडाला लागलेला, सुताबरोबर तंतू आणि तेल घशात. आंटीचे पुढचे दात गेले होते, आणि ते त्यामुळेच गेले असं ती सांगायची. मला तिनं धोटा हातात घेऊ दिला, पण तोंडाला कधी लावू दिला नाही.

ती बाराव्या वर्षी गिरणीत लागली, अर्धवेळ. एक आठवडा सकाळी सहापासून गिरणी आणि दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. दुपारच्या वर्गात पोरं बाकावर डोकं टेकून झोपायची आणि मास्तरीण त्यांना झोपू द्यायची. बारा वर्षांच्या मुलांना असं कामाला लावणं १९१८ च्या शिक्षण कायद्यानं बंद करायचं ठरलं, प्रत्यक्षात १९२१ पर्यंत ते चाललं. माझ्या बाराव्या वाढदिवसाला आंटीनं मला शिलाईची पेटी दिली आणि आईला म्हणाली, हिला खूप शिकवा.

दाराच्या पायऱ्यांचं सांगायलाच हवं. बायका दर आठवड्याला उंबऱ्याची दगडी पायरी घासून तिच्या कडेला पांढरी किंवा पिवळसर पट्टी काढायच्या. त्यासाठी 'डाँकी स्टोन' नावाची वडी मिळे, दगडाची भुकटी आणि सिमेंट दाबून केलेली. ती दुकानात घेण्यापेक्षा भंगारवाल्याकडून घेतली जायची: जुने कपडे द्या आणि दगड घ्या, अगदी आपल्या बोहारणीसारखं. आमच्या गल्लीत शेवटी दोनतीन म्हाताऱ्याच हे करायच्या. पाऊस रोजचा, पट्टी दुसऱ्या दिवशी पुसट व्हायची, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा गुडघ्यांवर बसून घासणं चालू.

आणि सुट्टी! वेक्स वीक. वर्षातून एकदा गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या, बॉयलर विझायचे. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा: बर्नलीचा जुलैमध्ये, ओल्डहॅमचा ऑगस्टअखेर. त्यामुळे समुद्रकाठच्या ब्लॅकपूलच्या खानावळवाल्या घरमालकिणींना उन्हाळाभर गिऱ्हाईक मिळायचं. १९३८ मध्ये पगारी सुट्टीचा कायदा आला. त्याआधी सुट्टी म्हणजे बिनपगारी, म्हणून वर्षभर बचत क्लबात दर आठवड्याला थोडी थोडी नाणी टाकायची आणि निघायच्या आदल्या दिवशी ती रक्कम उचलायची. मग सगळं गाव ट्रंका घेऊन स्टेशनवर. दुकानं बंद, बेकऱ्या बंद. धूर नसल्यामुळे पेंडलची टेकडी तेवढे दिवस लख्ख दिसायची, असं आंटी सांगायची. गंमत अशी की ब्लॅकपूलला पोचल्यावर वाळूत शेजारी बसलेलं कुटुंब शेजारच्याच गल्लीतलं निघायचं. आमच्या वेळी गिरण्या कमी झाल्या होत्या तरी 'बर्नली फेअर'च्या त्या दिवसांत गाव ओस पडायचं. आम्हीही गेलो. ब्लॅकपूलचा मनोरा, १८९४ चा, १५८ मीटर उंच. गाडीतून जो पहिला बघेल त्याला नाणं मिळायचं, हा नियम तिथल्या घरोघरी होता आणि आमच्याही घरात लागू झाला.

बाकी आठवेल तसं लिहीन. तुमचंही येऊ द्या.

साखरभात

अबोली, काय सुंदर लिहिलंयस. खाण्याचं मात्र राहून गेलं. शाकाहारी घराचं तिथे कसं भागायचं तेव्हा?

अबोली

भागायचं, आणि बरं भागायचं. चीज-कांद्याचा पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) सगळीकडे मिळायचा. प्रेस्टन-चॉर्लीकडे बटर पाय, म्हणजे बटाटा, कांदा आणि भरपूर लोणी. त्या भागात कॅथलिक वस्ती मोठी, शुक्रवारी त्यांना मांस वर्ज्य, म्हणून हा पाय. आईला ही शुक्रवारची पद्धत एकदम आपली वाटली. पाच नोव्हेंबरला तिथे शेकोट्या पेटवतात, त्या होळीला पार्किन, ओट आणि काकवीचा काळा केक, आलं घातलेला. तो केल्यावर लगेच खायचा नसतो, डब्यात आठवडाभर मुरू द्यायचा. आई तो अजून पुण्यात करते, काकवी कोल्हापूरची.

गिरणगावकर

अबोलीताई, तुमचा धोटा वाचला आणि गप्प बसवेना.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईच्या विभागात होते. रत्नागिरीकडून आलेले, आधी खानावळीत जेवून गाळ्यात झोपणारे, मग चाळीत एक खोली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' ही इंग्रजी अक्षरं ते पाटीवर बिनचूक काढून दाखवायचे, कारण तीस वर्षं त्यांच्या यंत्राच्या चौकटीवर ती ओतीव अक्षरं होती. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली गिरणी काढली तेव्हापासून यंत्रं लँकेशायरहूनच यायची. ओल्डहॅमचे प्लॅट, अ‍ॅक्रिंग्टनचे हॉवर्ड अँड बुलो, बोल्टनचे डॉब्सन अँड बार्लो. बोटीतून यंत्रं यायची आणि ती उभी करायला लँकेशायरचेच फिटर यायचे. म्हणजे ज्या गावातले लोक आमच्या कापडाशी स्पर्धा नको म्हणून ओरडत होते, त्याच्याच शेजारच्या गावातला कारखाना आम्हाला यंत्रं विकून मोठा होत होता.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, पण इथे नोंदवतो. मुंबईत १९२८ चा मोठा संप झाला. मालकांना विणकरानं दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत असं हवं होतं. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. आणि बर्नलीत १९३१-३२ मध्ये हाच झगडा: तिथे विणकर चार माग चालवायचे, मालकांना सहा-आठ हवे होते. समुद्राच्या दोन टोकांना चारेक वर्षांच्या अंतरानं एकच मागणी.

तुमच्या आंटींनी त्या संपाबद्दल काही सांगितलं होतं का?

अबोली

दादा, फार मोलाचं लिहिलंत.

हो, सांगायची. ती १९३१ ची टाळेबंदी आणि ३२ चा संप दोन्ही वेगळे करून सांगायची. संपाचे पैसे युनियनकडून मिळायचे ते पुरायचे नाहीत. पावाची दुकानदारीण उधार द्यायची आणि ती उधारी फेडायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. चार माग म्हणजे काय, हे तिनं मला स्वयंपाकघरात दाखवलं होतं. दोन पुढे, दोन पाठीमागे, मधल्या अरुंद बोळात आपण. कान पुढच्यांकडे, पाठ मागच्यांकडे. एखाद्या मागाची लय जरा बदलली की वळायच्या आधीच कळायचं कुठलं सूत तुटलं. सहा मागांवर ते कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मजुरीचा प्रश्न होताच, पण कापड खराब झालं की दंड विणकराच्याच माथी बसायचा, तो राग जास्त होता.

बर्नलीजवळ हार्ल साइकला क्वीन स्ट्रीट मिल आहे. वाफेच्या इंजिनावर चालणारी शेवटची विणकाम गिरणी. इंजिनाचं नाव 'पीस', म्हणजे शांती. ती १९८२ मध्ये बंद पडली आणि नंतर संग्रहालय झाली. एका इंजिनावरून छताखालचे दांडे फिरतात, दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरतात आणि एकेका पट्ट्यावर एकेक माग. सगळे नाही, थोडेसेच माग चालवून दाखवतात, तरी शेजारच्याशी बोलता येत नाही.

गिरणगावकर

१९८२! १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली आमचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आजोबा तेव्हा निवृत्त होते, वडील गिरणीत. वडील पुन्हा कधी कामावर गेले नाहीत. आमच्या गिरणीच्या जागी आज काचेचा टॉवर आहे. प्लॅट ब्रदर्सचं ते यंत्र भंगारात गेलं असणार.

ऱ्हॉन्डाकर

माझं गाव लँकेशायरमध्ये नाही, साउथ वेल्सच्या ऱ्हॉन्डा खोऱ्यात. चालेल ना? वडील तिथे जीपी, म्हणजे गावचे फॅमिली डॉक्टर होते. साठ-सत्तरच्या दशकांत खाणींच्या खोऱ्यांत जायला इंग्लिश डॉक्टर तयार नसत, त्यामुळे दवाखान्यामागून दवाखाने आपल्याकडच्या डॉक्टरांनी सांभाळले. दवाखाना आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत. भिंतीपलीकडून दिवसभर खोकला ऐकू यायचा. कोळशाच्या धुळीनं छाती भरलेले खाणकामगार. जिना चढून वर यायचं तर दर चार पायऱ्यांवर थांबणारी चाळीशीतली माणसं मी पाहिलीत.

वेल्सच्या खोऱ्यांना एक मोठा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. ट्रेडेगारच्या कामगारांनी पगारातून थोडे थोडे पेन्स कापून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवली होती. डॉक्टर, औषध, चष्मा, दात, सगळं त्यातून. त्याच गावचा अनायरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. वडील पेशंटना हे अभिमानानं सांगायचे, आणि पेशंट त्यांना सांगायचे की आम्हाला माहितेय डॉक्टर, आमच्याच बापजाद्यांनी ते केलं. कामगारांच्या इन्स्टिट्यूटमधली लायब्ररीही अशीच वर्गणीतून उभी राहिलेली. मी माझं पहिलं पुस्तक तिथून आणलं.

एक दिवस मात्र दरवर्षी शाळेत सगळे उभे राहायचे. २१ ऑक्टोबर. १९६६ मध्ये त्या सकाळी अ‍ॅबरफॅनच्या डोंगरावरचा खाणीच्या राबिटाचा ढीग घसरून खालच्या शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. शाळेची घंटा नुकतीच झाली होती, दुसऱ्या दिवसापासून सत्रामधली आठवड्याची सुट्टी लागणार होती. पुढे चौकशी झाली आणि दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा, असा निकाल आला. आमच्या गावावरही तसा ढीग होता. पाऊस जोरात आला की बायका दारात येऊन त्याच्याकडे बघायच्या. मी लहान होतो, पण ती नजर अजून ओळखू येते.

सुट्टीचं म्हणाल तर आमचा 'मायनर्स फॉर्टनाइट', जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. बॅरी आयलंड नाहीतर पोर्थकॉल. आणि हो, तिथेही शेजारच्या तंबूत शेजारचेच.

अबोली

ऱ्हॉन्डाकर, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. धाग्याचं शीर्षक विसरा, असंच लिहीत राहा.

हातमाग

सगळे भारावून लिहिताहेत, पण मला जरा वेगळं वाटतंय ते स्पष्ट बोलतो. मी इचलकरंजीचा. आमच्याकडे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि त्यावर गाव उभं राहिलं. पण त्याआधीच्या शंभर वर्षांत आपल्या विणकरांचं काय झालं? साळी, कोष्टी, मोमीन. लँकेशायरच्या स्वस्त कापडानं त्यांचे माग बंद पाडले. १८८२ मध्ये लँकेशायरच्या दबावाखाली सरकारनं हिंदुस्थानातलं कापडावरचं आयातशुल्क उठवलं. १८९६ मध्ये उलट आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, ती १९२५ पर्यंत. ज्या गावांच्या भरभराटीसाठी हे झालं त्यांच्या पायऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांचं कौतुक मी का करावं?

अबोली

हातमाग, प्रश्न योग्य आहे आणि तो इथे यायलाच हवा होता. तुम्ही दिलेलं सगळं खरं आहे, त्यातलं काहीही झाकायचं नाही.

मी इतकंच म्हणेन की शुल्क उठवा म्हणून संसदेत जोर लावणारा गिरणीमालक आणि बाराव्या वर्षी सकाळी सहाला मागावर उभी राहणारी मुलगी यांना एका नावानं हाक मारू नये. मालकांचे वाडे, पुतळे, टाऊन हॉल उभे आहेत, त्यांची चरित्रं छापली गेली आहेत. त्या मुलीचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि आपल्या कोष्ट्या-साळ्यांच्या बायकांचंही नाही. दोन्ही लिहायला हवं. तुमच्या घरी किंवा गल्लीत जुनी माणसं असतील तर तुम्ही लिहा, मी पहिली वाचेन.

गांधीजींची गोष्ट यात आठवते. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला आले असताना ते मुद्दाम लँकेशायरला, डार्वेनला गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळे तिथल्या गिरण्या बंद पडत होत्या, माणसं बेकार होती. त्यांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे जवळपास तीस कोटी माणसं अर्धं वर्ष बेकार असतात. बहिष्कार मागे घेतला नाही. तरी गिरणीच्या दारात कामगार बायकांनी त्यांना घेरून जयजयकार केला, तो फोटो प्रसिद्ध आहे. बायकांचे हात वर, तोंडं हसरी, मधे पांढऱ्या शालीतले गांधीजी. त्या बायकांनी काय ओळखलं असेल याचा मी खूप विचार केलाय. हलाखी त्यांच्या ओळखीची होती, असं मला वाटतं.

हातमाग

हे पटलं, निदान विचार करण्यासारखं आहे. माझी आजी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिच्याकडून ऐकलेलं आईला विचारून लिहितो, पण वेगळा धागा काढेन.

वऱ्हाडी

लंकाशायर-मुंबई झालं, मधे आमचं वऱ्हाड राहिलं ना भाऊ! कापूस कुठून जात होता? अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लिव्हरपूलला अमेरिकन कापूस येईना. मग सगळे हिंदुस्थानी कापसाच्या मागे. मुंबईत पैशाचा पाऊस, शेअरांचा बाजार, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच दिवाळं. अमरावतीचा कापूस तिकडच्या बाजारात 'उमरा' नावानं विकला जायचा. खामगावला तर फक्त कापसासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा काढला, १८७० मध्ये. त्या फाट्याच्या गाडीत बसून मी कॉलेजला गेलोय.

टोडलेन

वऱ्हाडीभाऊ, त्या कापसाचं दुसरं टोक माझ्या घरामागे आहे. मी सध्या रॉचडेलला राहते.

गावाच्या वर रूली मूरवर एक दगडी फरसबंद रस्ता आहे, माळरानातून चढत जाणारा. त्याला 'कॉटन फॅमिन रोड' म्हणतात. अमेरिकन कापूस थांबल्यावर लँकेशायर भागात १८६२ च्या अखेरीस जवळजवळ ५ लाख लोक मदतीवर जगत होते. नुसतं धान्य वाटण्यापेक्षा काम द्यावं म्हणून बेकार गिरणी कामगारांकडून रस्ते, गटारं, बागा करून घेतल्या. ओल्डहॅमचा अलेक्झांड्रा पार्कही त्यातलाच. सुतावर फिरणारी बोटं ती, त्यांनी माळावर दगड बसवले. मी मुलांना घेऊन त्या रस्त्यावर जाते. दगड अजून इतके घट्ट आहेत की मधे गवताची काडी शिरत नाही. आपल्याकडचा 'सुरती' कापूस मात्र तिथल्या कामगारांना अजिबात आवडायचा नाही. आखूड धाग्याचा, कचऱ्याचा, सारखा तुटणारा, आणि मजुरी कापडावर. तरीही त्यातल्या पुष्कळांनी गुलामगिरीविरुद्ध उत्तरेची बाजू धरली. जानेवारी १८६३ मध्ये लिंकननं मँचेस्टरच्या कामगारांना आभाराचं पत्र लिहिलं. मँचेस्टरच्या लिंकन स्क्वेअरमध्ये पुतळ्याखाली त्यातला मजकूर आहे.

माझं नाव ज्यावरून घेतलंय ती टोड लेन इथलीच. २१ डिसेंबर १८४४ ला २८ जणांनी वर्गणी काढून ३१ टोड लेनला दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, ओटचा रवा, मेणबत्त्या. भेसळ नाही, माप बरोबर, उधारी नाही, आणि नफा गिऱ्हाइकांत खरेदीच्या प्रमाणात वाटायचा. आपल्या सहकारी संस्था ज्या तत्त्वांवर चालतात त्यांचा उगम या छोट्या दुकानात आहे. सांगलीत माझे काका सोसायटीचे चेअरमन होते, ते इथे आले तेव्हा आधी मँचेस्टरचं स्टेडियम न बघता हे दुकान बघायला गेले. माझ्या शेजारच्या आजोबांना नव्वदीत नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण आईचा को-ऑपचा, म्हणजे सहकारी दुकानाचा लाभांश क्रमांक धडाधड सांगतात. लहानपणी दुकानात पाठवलं की तो सांगावाच लागायचा.

डंडीची पोर

स्कॉटलंडमधल्या आमच्या डंडीत सुताऐवजी ताग. बंगालचा कच्चा ताग यायचा आणि तो मऊ करायला व्हेलचं तेल वापरायचे. गिरण्यांत बायकाच जास्त, पुष्कळ पुरुषांना कामच नसे, ते घरी चूल सांभाळायचे. लॉकीमधली एका गिरणीची चिमणी आमच्या खिडकीतून दिसायची, विटांची नक्षी असलेली. ती अजून आहे.

अबोली

ब्लॅकबर्नमधली एक गोष्ट सांगायची राहिली. १९९४ मध्ये तिथल्या एका जुन्या दुकानाच्या तळघरात पिंपांत भरून ठेवलेली फिल्मची शेकडो रिळं सापडली. मिचेल आणि केन्यन या जोडीनं १९०० च्या सुमारास काढलेली. ते गिरणीच्या फाटकाशी कॅमेरा लावायचे, सुट्टी झाली की बाहेर पडणारे सगळे कामगार टिपायचे, आणि तेच चित्रण जत्रेत दाखवायचे, म्हणजे लोक स्वतःला बघायला पैसे देऊन येतील. शाली घेतलेल्या बायका, टोप्या घातलेले पुरुष, आणि कॅमेऱ्यापुढून हलायलाच तयार नसलेली पोरं. लाकडी तळव्याचे क्लॉग घातलेली. त्याच क्लॉगची लोखंडी पट्टी फरशीवर घासून ठिणग्या काढायचा खेळ आंटी लहानपणी खेळायची. चित्रण मूक आहे, पण त्या पोरांची बडबड कळते.

नवखी

नमस्कार, सगळं वाचून काढलं. आम्ही मागच्या वर्षीच प्रेस्टनला आलो, लेक दोन वर्षांची आहे. दगडी-विटांच्या रांगेतलं जुनं घर घेतलंय, दारावर १८९१ कोरलंय. या घरात आधी कोण राहायचं हे शोधता येईल का? कुठून सुरुवात करू?

अबोली

नवखी, नक्की येईल, आणि तुम्ही योग्य गावात आहात. लँकेशायरचं दप्तरखाना प्रेस्टनलाच आहे.

आधी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे बघा, फुकट आहेत, इंग्लंडचेही आहेत. पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशावर तुमचं घर, मागचं आवार, आवाराच्या टोकाचं संडास, कोपऱ्यावरचा दारूचा गुत्ता आणि जवळची गिरणी नावासकट सापडेल. मग जनगणना. घरावर १८९१ असेल तर १९०१ पासून बघा, त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा असतो. १९११ च्या नोंदीत कुटुंबप्रमुखाचं स्वतःचं हस्ताक्षर असतं, ते बघताना फार छान वाटतं. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ च्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेची कागदपत्रं आगीत जळाली, १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्यामुळे मधली पोकळी १९३९ च्या नोंदवहीनं भरून काढायची. धंद्याच्या रकान्यात 'चार मागांची विणकर' असं काही दिसलं तर इथे येऊन सांगा.

आणि गल्लीत कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर दप्तरखान्याच्या आधी त्यांच्याकडे जा. लेकीला घेऊन जा, दार लवकर उघडतं.

नवखी

अबोलीताई, खूप आभार. पलीकडच्या आजी कालच म्हणाल्या की गिल्ड येईल तेव्हा मुलीला मिरवणुकीत पाठव. गिल्ड म्हणजे काय?

टोडलेन

मी सांगते. प्रेस्टन गिल्ड, व्यापारी संघाचा उत्सव, दर वीस वर्षांनी. १९४२ चा युद्धामुळे हुकला, तो १९५२ मध्ये झाला. मग १९७२, १९९२, २०१२. बाहेरगावी गेलेले प्रेस्टनकर त्यासाठी परत येतात. पुढचा २०३२ मध्ये. आजींना विचारा, १९५२ चा त्यांनी पाहिलाय का, आणि पाहिला असेल तर सगळं लिहून घ्या.